मदरबोर्डाशिवाय पॉवर सप्लाय: हिरव्या तारेचे काम

संगणकातून काढलेला पॉवर सप्लाय, म्हणजे त्याच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, टेबलावर ठेवला, केबल सॉकेटमध्ये लावली आणि मागचे बटण चालू केले, तरी काहीच घडत नाही. पंखा फिरत नाही, आणि १२ व्होल्टच्या पिवळ्या किंवा ५ व्होल्टच्या लाल तारेवर मल्टिमीटर धरला तर काटा शून्यावरून हलत नाही. हा प्रकार प्रथमच पाहणारा माणूस सप्लाय जळाला असे ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात तो ठणठणीत असण्याची शक्यता बरीच असते. मदरबोर्डाकडून, म्हणजे संगणकाचे भाग जिच्यावर जोडतात त्या मुख्य पाटीकडून, सुरू होण्याचा हुकूम आलेला नसल्यामुळे तो नुसता थांबलेला असतो.

हा हुकूम घेण्याची पद्धत इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स रचनेतून आली. त्याआधीच्या एटी रचनेत कॅबिनेटच्या दर्शनी भागावरचे बटण मुख्य वीजच तोडत आणि जोडत असे, आणि त्यासाठी घरगुती विजेचा पूर्ण दाब वाहणारी केबल सप्लायपासून थेट त्या बटणापर्यंत खेचलेली असे. एटीएक्समध्ये हा धोका टळला. सप्लायच्या आत एक छोटे स्वतंत्र मंडल (सर्किट) सॉकेटची वीज मिळताच कामाला लागते आणि जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट देत राहते. संगणक बंद असतानाही मदरबोर्डाचा एक कोपरा या ५ व्होल्टवर जागा असतो; आपण बटण दाबले की तो हिरवी तार शून्य व्होल्टच्या काळ्या तारेकडे खेचतो, आणि मग सप्लायचा मोठा भाग जागा होतो.

हिरव्या तारेवर एरवी आतल्या रोधकामार्फत (रेझिस्टर) सुमारे ५ व्होल्टचा दाब असतो. तो ०.८ व्होल्टच्या खाली गेला की सप्लाय त्याचा अर्थ ‘सुरू हो’ असा घेतो. या तारेतून वाहणारा प्रवाह मानकानुसार फार तर १.६ मिलिअँपिअर, म्हणजे अगदी नगण्य असतो. म्हणूनच हिरवी आणि काळी तार जोडायला वाकवलेली पेपरक्लिपसुद्धा पुरते. मात्र हा हुकूम क्षणभराचा नसतो. दोन्ही तारा जोडलेल्या राहतील तोवरच सप्लाय चालतो, त्यामुळे कॅबिनेटचे दाबून सोडायचे बटण येथे थेट लावले, तर बोट उचलताच सगळे बंद पडते. कायमची सोय करायची असेल तर चालू आणि बंद अशा दोन स्थितींत टिकून राहणारा स्विच हवा.

तारांना रंग असले तर काम सोपे आहे, कारण मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते. हल्लीच्या अनेक सप्लायमध्ये मात्र सगळ्या केबली काळ्या असतात आणि खणच मोजावे लागतात. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये ही तार १६ व्या क्रमांकावर असते. ज्या बाजूला अडकवण्याची खिटी आहे त्या ओळीत, ज्या टोकाचे चार खण सुटे होतात त्याच्या विरुद्ध टोकाकडून मोजत आल्यास चौथा खण हिरव्या तारेचा, आणि त्याच्या दोन्ही शेजारचे खण काळ्या तारांचे. गंमत अशी, की समोरच्या ओळीतल्या चौथ्या खणाच्याही दोन्ही बाजूंना काळ्याच तारा असतात, पण तो खण ५ व्होल्टचा आहे. सप्लाय झोपलेला असताना ही चूक झाली तर बहुधा नुसतेच काही घडणार नाही. जांभळ्या तारेवर मात्र वीज सतत असते, म्हणून ती चुकून काळीला जोडली गेली तर ते खरेखुरे शॉर्ट सर्किट ठरते. सॉकेटची केबल काढून मगच क्लिप बसवावी हा नियम त्यासाठीच. काही कंपन्यांनी पूर्वी दिसायला सारखाच कनेक्टर वापरून आतील तारांचा क्रम बदलला होता, आणि नव्या एटीएक्स१२व्हीओ रचनेत तर कनेक्टरच १० पिनांचा आहे. तेव्हा सप्लायवरील तक्ता आधी वाचणे श्रेयस्कर.

मदरबोर्डाचे खरे काम इतकेच असते तर लेख येथे संपला असता. पण तो वीज वापरतही असतो, आणि तो काढला की सप्लायवरचा भार नाहीसा होतो. जुन्या किंवा स्वस्त सप्लायमध्ये ५ आणि १२ व्होल्ट एकाच ट्रान्सफॉर्मरमधून निघतात आणि दोहोंची मिळून सरासरी पाहून एकच नियंत्रक त्यांना आवरतो. अशा सप्लायच्या १२ व्होल्टवर मोठा पंप किंवा दिवा लावला आणि ५ व्होल्टची लाल तार मोकळी ठेवली, तर १२ चे व्होल्टेज खाली घसरते आणि नियंत्रक ते सावरू पाहताना ५ चे व्होल्टेज वर ढकलतो. एकाची तहान भागवताना दुसऱ्याला पूर यावा, तसा हा प्रकार आहे. उपाय साधा आहे: लाल आणि काळ्या तारेमध्ये १० ओहमचा रोधक जोडावा. त्यातून अर्धा अँपिअर वाहतो आणि अडीच वॅट उष्णता निघते. तरीही रोधक १० वॅट क्षमतेचा घ्यावा, कारण लहान रोधक हात लावता येणार नाही इतका तापतो. ज्या नव्या सप्लायमध्ये ५ आणि ३.३ व्होल्ट हे १२ व्होल्टमधून वेगळ्या मंडलांनी तयार होतात, त्यांना ही अडचण सहसा येत नाही.

राखाडी तारेकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. सर्व व्होल्टेज मर्यादेत स्थिरावल्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या अवधीत या तारेवर ५ व्होल्ट येतात, आणि तोवर मदरबोर्ड प्रोसेसरला थोपवून धरतो. मदरबोर्ड नसताना हा निरोप ऐकणारे कोणी नसते, त्यामुळे बिघडलेला सप्लायही बिनतक्रार चालल्यासारखा दिसू शकतो. राखाडी तारेवर रोधकासह एलईडी लावणे हा माझ्या मते या साऱ्या उद्योगातला सर्वांत उपयोगी खर्च आहे.

पंखा फिरला म्हणजे सप्लाय चांगला, हा समज तेवढ्यासाठीच टाकून द्यावा. उलट अनेक चांगल्या सप्लायमध्ये कमी भार असताना पंखा मुद्दामच थांबवलेला असतो. १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान राहतात का, हे भार लावून मोजायला हवे. त्यासाठी मोटारीचा २१ वॅटचा दिवा पिवळ्या आणि काळ्या तारेवर लावला की पावणेदोन अँपिअरचा भार सहज मिळतो. मल्टिमीटर इतकेच सांगतो; व्होल्टेजवरची बारीक थरथर, जी १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपेक्षा जास्त असू नये, ती व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरच दिसते.

येथे व्होल्टेज कमी असले तरी प्रवाह मोठा आहे. पिवळ्या तारांमागे कित्येक अँपिअर उभे असतात, त्यामुळे बारीक तार वापरल्यास सप्लायमधले जादा प्रवाह तोडणारे संरक्षण जागे होण्याआधीच ती लाल होऊ शकते. प्रत्येक बाहेरच्या जोडणीत योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. काळी तार सप्लायच्या पत्र्याला आणि तेथून भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते. २४ व्होल्ट मिळवण्यासाठी दोन सप्लाय एकापुढे एक जोडायला जाणारा माणूस नेमका येथेच फसतो, कारण एकाचे १२ व्होल्ट दुसऱ्याच्या काळ्या तारेमार्फत सरळ जमिनीला टेकतात.

पत्र्याच्या आत मात्र डोकावू नये. २३० व्होल्टची वीज एकदिश (डीसी) झाली की वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे, म्हणजे सॉकेटमधून प्रवाह सुरळीत ओढणारे, मंडल असेल तर ते ३८० च्याही वर जातात. पेपरक्लिप काढली की पंखा हळूहळू थांबतो, पण जांभळ्या तारेवर लावलेला एलईडी तेवत राहतो. मागचे बटण बंद केल्यावरही तो काही क्षण मंद होत होत मगच विझतो, आणि तो विझला तरी आतला मोठा कपॅसिटर रिकामा झालेलाच असेल असे नाही.