महापौर आणि नगराध्यक्ष: दोघांच्या हरण्याची कारणं वेगळी का असतात

दादरच्या मतदाराने पालिका निवडणुकीत एकच बटण दाबलं. बदलापुरात, म्हणजे नगरपरिषदेच्या शहरात, राहणाऱ्या त्याच्या भावाने तीन दाबली: दोन प्रभागातल्या नगरसेवकांसाठी आणि एक थेट नगराध्यक्षासाठी. निकालानंतर मात्र दोघं एकच प्रश्न विचारतात, ‘आपला माणूस का पडला?’ प्रश्न एक असला तरी उत्तर एक नाही.

मुंबईत महापौरपदाचा उमेदवार कुठल्याही मतदान यंत्रावर नसतो. आपण निवडतो 227 नगरसेवक, आणि ते महापौर निवडतात. पूर्ण हजेरी असेल तर 114 चा आकडा लागतो. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, नगरसेवक सभागृहात बसतात, पण त्यांना मत नसतं. नगरपरिषदेत सध्या नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. तिथला नियम सरकारागणिक फिरत आला आहे: 2016 ला थेट, 2020 ला नगरसेवकांमधून, 2022 ला पुन्हा थेट. त्यामुळे जुन्या निकालांशी तुलना करताना तो निकाल कुठल्या पद्धतीचा होता, हे आधी पाहावं.

महापौरपदाचा उमेदवार बहुधा मतदानाच्या आधीच जिंकलेला किंवा हरलेला असतो. पहिली गाळणी आरक्षणाची. महापौरपद कुठल्या प्रवर्गासाठी राखीव, याची सोडत नगरविकास खातं मंत्रालयात काढतं आणि त्यात ज्येष्ठांची नावं एका चिठ्ठीसरशी बाद होतात. अडीच वर्षांचं पद, त्यात आरक्षण फिरतं. वीस वर्षं वॉर्ड बांधलेल्या माणसालाही कधी संधी मिळत नाही. दुसरी गाळणी गटाची. निकालानंतर पक्ष आपला गट बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे नोंदवतो आणि अपक्षांना ओढायचं कामही याच दिवसांत चालतं. गटनेत्याचा व्हिप (मत कुणाला द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडला तर 1986 च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली नगरसेवकपद जाऊ शकतं. हा धाक असूनही नगरसेवकांना हॉटेलात ठेवतात, यावरून पक्षांचा एकमेकांवर आणि स्वतःच्या माणसांवर किती विश्वास आहे ते कळतं.

प्रत्यक्ष निवडणूक तासाभरात आटोपते. अर्ज पालिकेच्या चिटणिसांकडे आधीच गेलेले असतात. सभागृहात माघारीसाठी 15 मिनिटं दिली जातात आणि मग हात वर करून मतदान होतं. कुणी कुणाला मत दिलं, हे सगळ्यांना दिसतं.

मुंबईचंच 2017 चं उदाहरण घ्या. शिवसेना 84, भाजप 82. एवढ्या अटीतटीनंतर महापौर निवडणूक तितकीच चुरशीची व्हायला हवी होती. पण भाजपने उमेदवारच दिला नाही, उलट शिवसेनेला मतं दिली. विश्वनाथ महाडेश्वर यांना 171 मतं पडली, काँग्रेसच्या उमेदवाराला 31. बेरीज 202, म्हणजे 25 मतं कुणाच्याच खात्यात गेली नाहीत. ही 25 विसरू नका. आकडा अटीतटीचा असला की तटस्थ राहणारा किंवा त्या दिवशी ‘आजारी’ पडणारा नगरसेवक विरोधात मत देणाऱ्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. काँग्रेसचा उमेदवार प्रचारात कमी पडला, असं म्हणण्यात काहीच अर्थ नाही. त्याला मतं पक्षाच्या संख्याबळाइतकीच मिळाली. 2019 ला तर किशोरी पेडणेकर बिनविरोधच निवडून आल्या.

मुंबईत मतदाराच्या हातातली लढत वॉर्डातच संपते आणि ती किती बारीक असू शकते, हे 2017 ला गिरगावच्या 220 क्रमांकाच्या वॉर्डाने दाखवलं. शिवसेना आणि भाजप, दोन्ही उमेदवारांना 5,946 मतं. चिठ्ठी टाकली गेली आणि जागा भाजपकडे गेली. ती चिठ्ठी दुसरी निघाली असती तर 84–82 चं 85–81 झालं असतं. जिंकल्यावरही धोका टळत नाही: राखीव वॉर्डातून आलेल्याची जात पडताळणी अडकली की पद जातं.

नगराध्यक्षाचं गणित वेगळं. अख्ख्या शहरात एकच नाव, एकच चिन्ह. इथे चेहरा, नातीगोती, पाणी-कचऱ्याचा राग हे सगळं थेट मोजलं जातं. बंडखोराने खाल्लेली थोडी मतंही घात करतात, कारण दुसरी फेरी नाही. एका मताने पुढे असलेला जिंकतो. नेहमीच्या तीन चुका: एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र) अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचत नाही आणि अधिकृत उमेदवार चिन्हाविना उरतो, नामसाधर्म्य असलेला डमी अपक्ष मतं पळवतो, आणि सर्वांत घातक म्हणजे स्वपक्षाच्याच नगरसेवक उमेदवारांचा छुपा प्रचार, ‘वरचं मत कुणालाही द्या, खालचं मला.’ ही तिसरी चूक ओळखायची असेल तर मतदान केंद्रनिहाय आकडे घ्या. पक्षाच्या नगरसेवकांना भरपूर आणि त्याच केंद्रावर नगराध्यक्षाला कमी मतं असतील, तर हात घरातल्याच कुणाचा तरी आहे.

म्हणूनच नगरपरिषदेत डोकं एका पक्षाचं आणि धड दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. डिसेंबर 2025 ला अंबरनाथमध्ये नगराध्यक्षपद भाजपने जिंकलं, पण नगरसेवकांत सर्वांत मोठा पक्ष शिंदेंची शिवसेना ठरली. मुंबईत दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचा महापौर झाला, तर तो बहुमताची मोट बांधूनच होतो. अंबरनाथमध्ये नगराध्यक्ष आधी निवडून आला आणि मोट बांधायची पाळी नंतर आली.