राष्ट्राध्यक्षाची सही, सिनेटची 67 मतं आणि कोयनेचे हादरे

ऑक्टोबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी अणुचाचण्या पुन्हा सुरू करायची भाषा केली तेव्हा कराडात चहाच्या टपरीपासून ऑफिसपर्यंत एकच वाक्य ऐकू येत होतं, "अहो पण अमेरिकेनं तर चाचणीबंदीवर सही केलीय ना?" सही केलीय हे खरंय, क्लिंटन यांनी 24 सप्टेंबर 1996 ला केली. पण अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या नुसत्या सहीनं तह पक्का होत नाही, आणि हा तर आजही झालेला नाही.

तिथल्या घटनेत सरळ लिहिलंय की तह राष्ट्राध्यक्ष करेल, पण सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला तरच. 100 जण हजर असतील तर 67 मतं लागतात. 1919 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा, पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह इथंच अडकला. चाचणीबंदीचा तह म्हणजे सीटीबीटी 13 ऑक्टोबर 1999 ला मताला आला, बाजूनं 48, विरोधात 51. सिनेटला बगल देऊन 'एक्झिक्युटिव्ह अॅग्रीमेंट' करता येतं आणि ते सर्रास होतं, पण तो विषय राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या अधिकारातला तरी लागतो नाहीतर काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कायद्यानं मोकळीक दिलेली तरी. 2008 मध्ये तर तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की ज्या तहाला अंमलासाठी वेगळा कायदा लागतो त्याचा राष्ट्राध्यक्ष एकटा आदेश काढून देशांतर्गत कायदा करू शकत नाही. आपल्याकडं उलट आहे, करार मंत्रिमंडळ करतं, संसदेची आधी मंजुरी लागत नाही, मात्र देशाची जमीन दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्तीच हवी, हे आपल्या सुप्रीम कोर्टात बेरुबारी नावाच्या भागाच्या प्रकरणात 1960 मध्ये ठरलं.

आता माझा आवडता भाग. सिनेटचा एक मोठा आक्षेप विज्ञानाचा होता, कुणी जमिनीखाली चोरून छोटा स्फोट केला तर तो भूकंपातून वेगळा ओळखता येईल का? पाटण, कोयनानगरकडच्या माणसाला हा प्रश्न लगेच कळेल, कारण रात्री भांडी खणखणली की घरातून बाहेर पळायची सवय तिथं 1967 पासूनची आहे.

भूकंपात भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात, त्यामुळं सगळ्यात आधी येणारी पी लहर काही दिशांना जमीन बाहेर ढकलते आणि काही दिशांना आत ओढते. म्हणजे काही केंद्रांवर आलेखाची पहिली उडी वर जाते, काहींवर खाली. स्फोट मात्र सगळीकडं एकसारखा बाहेर ढकलतो, पहिली उडी सगळीकडं वरच. पण छोट्या हादऱ्यात ही पहिली उडी गोंगाटात बुडून जाते, म्हणून दुसरी कसोटी लावतात, जमिनीच्या पोटातून आलेल्या लहरींवरून काढलेली तीव्रता म्हणजे एमबी आणि पृष्ठभागावरून आलेल्या लहरींवरून काढलेली म्हणजे एमएस, या दोन्ही शेजारी ठेवायच्या. एमबी सारखीच असताना भूकंपाची एमएस बरीच जास्त येते, स्फोटाची कमी पडते, कारण स्फोट एका छोट्या जागेत क्षणात संपतो आणि लांब पृष्ठलहरी फारशा उठवत नाही. तिसरी कसोटी खोलीची. कोयनेचे बरेच भूकंप काही किलोमीटर खाली होतात, आणि तिथं गोठणे गावात 3 किलोमीटर खोल एक बोअर पाडायला शास्त्रज्ञांना किती आटापिटा करावा लागला ते बघितलं की 6-7 किलोमीटरवर कुणी बॉम्ब पुरला असेल ही शंकाच उरत नाही.

त्यामुळं प्रत्येक हादऱ्यानंतर व्हॉट्सअॅपवर जे फिरतं, 'धरणाखाली गुप्त चाचणी झाली' किंवा 'अमुक अमावस्येला मोठा भूकंप', ते कृपा करून पुढं पाठवू नका. भूकंपाची तारीख आज जगात कुणालाच सांगता येत नाही, आणि अशा मेसेजमुळं म्हातारी माणसं रात्र-रात्र अंगणात बसून काढतात.

1999 मध्ये सिनेटर शंका घेत होते तेव्हा तहाची देखरेख यंत्रणा अर्धवट होती. पुढं 9 ऑक्टोबर 2006 ला उत्तर कोरियानं एक किलोटनपेक्षाही (म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकापेक्षाही) लहान अणुस्फोट केला, तो भूकंपमापकांनी पकडला आणि दोनेक आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रावर किरणोत्सारी झेनॉन वायूही सापडला. म्हणजे त्या आक्षेपातला विज्ञानाचा भाग आता बराच ढिला झालाय. तरी तह सिनेटच्या परराष्ट्र समितीकडं तसाच पडून आहे, आणि तो पक्का करायचा असेल तर कुठल्याही पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला ती दोन तृतीयांश मतं जमवावीच लागतील.