काठवटीला तेल कुठलं? गोडंतेल चिकटतं आणि जवसाचं सुकतं ते का

घरी हौसेनं सुतारकाम करणारे आता आपल्याकडं बरेच झालेत. परभणी, लातूर, नांदेड कुठंही बघा, कडुलिंबाचा बरा ओंडका हाती लागला की कुणी पोळपाट करायलंय तर कुणी काठवट कोरायलंय, आणि काचपेपर मारून मारून ती गुळगुळीत झाली की शेवटचा प्रश्न ठरलेला, हिला तेल कुठलं लावायचं? घरातलं कुणीतरी सांगतंच, गोडंतेल लाव की, डबा भरलेला आहे. लावलं की पहिले दोन दिवस चमक अशी येते की विचारू नका. पंधरा दिवसांनी बोट ठेवा, चिकटायलंय. आणखी काही दिवसांनी वास घ्या, खवट. यात लाकडाचा काही दोष नाही, शेंगदाण्याचं तेल भाजीला चांगलं पण ते सुकणारं तेलच नव्हे.

सुकणं म्हणजे आपल्याला वाटतं उडून जाणं. पाण्याचं तसंच असतं, लाखेच्या पॉलिशचंही तसंच, स्पिरिट उडून जातं आणि लाख मागं राहते. तेल मात्र उडत नाही. जवसाचं तेल काचेवर पसरून ठेवलं तर सुकताना त्याचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, दहा टक्क्यांच्या आसपास, कारण ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेत असतं.

आता जरा आतमधे बघू. कुठलंही खाद्यतेल घ्या, त्याच्या रेणूत ग्लिसरॉलला फॅटी ॲसिडच्या तीन लांब साखळ्या चिकटलेल्या असतात. या साखळीत कार्बन-कार्बनमधे कुठं एकेरी बंध असतो, कुठं दुहेरी. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन सापडतो ना, त्याच्यावरचा हायड्रोजन सगळ्यात सैल असतो. तो निघाला की तिथं ऑक्सिजन येऊन बसतो, आणि मग शेजारच्या रेणूची साखळी याला जोडली जाते, ती तिसऱ्याला, असं चालूच राहतं. सुटा सुंभ आणि विणलेली बाज यात जो फरक तोच ओल्या आणि सुकलेल्या तेलात आहे, माल तोच, पण विणल्यावर वाहत नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच की कुठल्या तेलात असे दुहेरी बंध किती. जवसात, म्हणजे अळशीत, निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं, त्यात तीन दुहेरी बंध. ओमेगा-३ म्हणून डॉक्टर जवसाची चटणी खा म्हणतात ते हेच. आपल्या करडईत पाऊण हिस्सा लिनोलेइक, दोन दुहेरी बंध. शेंगदाण्यात जास्त करून ओलेइक, एकच दुहेरी बंध, विणायला धागेच पुरत नाहीत. खोबरेलात तर ९० टक्के संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेलीच आम्लं, तिथं विषयच संपला. हे मोजायला आयोडीन मूल्य नावाचा आकडा वापरतात, १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं तो. जवस साधारण १७० ते २००, करडई १४०-१५०, सूर्यफूल आणि सोयाबीन १२० ते १४०, शेंगदाणा ८५ ते १००, खोबरेल १०च्या आतबाहेर. १४०च्या वरची सुकणारी, १०० ते १४० मधली अर्धवट, त्याखालची न सुकणारी, असा ढोबळ हिशोब.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही की खवट होणं आणि सुकणं या दोन वेगळ्या भानगडी नाहीतच. दोन्हीकडं ऑक्सिजनच येऊन बसतो. जवसाच्या तेलात साखळ्या एकमेकींत इतक्या गुंततात की कडक पापुद्रा तयार होतो, थोडे तुकडे तुटून वास येतो पण तो काही आठवड्यांत जातो. शेंगदाण्यात गुंतणं अर्धवटच राहतं, तुटलेल्या तुकड्यांचा वास मात्र येतच राहतो. म्हणून चिकट आणि वर खवट.

करडईबद्दल वाईट वाटतं. मराठवाडा म्हणजे करडईचा मुलूख, परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी कुसुमसारखे वाण दिले, पण सोयाबीन आलं आणि रब्बीतली करडई मागं पडत गेली. तैलचित्रं काढणारे लोक पांढऱ्या रंगात मुद्दाम करडईचं तेल वापरतात, कारण लिनोलेनिक जवळपास नसल्यानं ते जवसासारखं पिवळं पडत नाही. फिक्या लाकडाला म्हणूनच ते बरं, फक्त सुकायला जास्त वेळ घेतं. आणि सोयाबीनला नावं ठेवायची तर दाराला मारलेल्या ऑइल पेंटच्या डब्यातही बऱ्याचदा सोयाबीनचंच तेल रासायनिक प्रक्रिया करून घातलेलं असतं, तिथंही ऑक्सिजनचा हाच उद्योग.

पटत नसेल तर जुन्या काचेच्या पट्टीवर जवस, करडई, शेंगदाणा, खोबरेल असे एकेक थेंब बोटानं पातळ पसरा आणि उजेडाच्या खिडकीत ठेवा. जवसाचं काही दिवसांत बोटाला लागेनासं होतं, नखानं ओढलं तर पापुद्रा सुरकुततो. करडई मागून येते. शेंगदाण्यावर तोवर धूळ चिकटलेली दिसेल, खोबरेल आहे तसंच. एक मात्र बघा, तेल घाण्यावरचं घ्या. रिफाइंड पिशवीतल्या तेलात ते खवट होऊ नये म्हणून टीबीएचक्यूसारखं रसायन घातलेलं असू शकतं, आणि खवट होणं अडवणारं सुकणंही अडवणारच की. करडईच्या बाटलीवर हाय ओलिक लिहिलं असेल तरी उपयोग नाही, तो वाणच कमी दुहेरी बंधांचा असतो.

हार्डवेअरच्या दुकानात जे बेलतेल मिळतं ते जवसाचंच, पण त्यात लवकर सुकावं म्हणून कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे क्षार असतात. स्टूल, चौरंग, खिडकीची चौकट याला खुशाल लावा, काठवटीला नको. काठवटीला घाण्याचं कच्चं जवस लावा, पातळ हात, १५-२० मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, मग चांगलं सुकू द्या आणि परत. जाड थोपलं तर वर साय धरते, खाली ऑक्सिजन पोचत नाही आणि आतलं कितीतरी दिवस ओलंच राहतं. एवढा धीर नसेल तर मेडिकलवरचं लिक्विड पॅराफिन, पोट साफ व्हायला देतात ते, त्यात दुहेरी बंधच नसल्यानं ते सुकतही नाही आणि खवटही होत नाही, धुतलं की जातं, परत लावायचं. काम सुरू करायला मार्च-एप्रिल चांगला, ऊन असतं, लाकूडही कोरडं असतं. श्रावणात काढलं तर तेल रेंगाळतं आणि वर बुरशी येते ती वेगळी.

पण उन्हाळ्यात एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ती म्हणजे तेल पुसलेली फडकी. ऑक्सिजन जोडला जाताना उष्णता निघते. लाकडावर ती हवेत निघून जाते, पण फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच कोंडते, गरम झालं की सुकणं अजून वेगानं, म्हणजे उष्णता अजून जास्त, आणि काडी न लावता फडकं पेटतं. ही ऐकीव गोष्ट नाही. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२व्या मजल्यावर लाकडी पॅनलचं काम चालू होतं, जवसाच्या तेलाची फडकी तशीच पडून राहिली, त्यातून आग लागली आणि अग्निशमन दलाचे ३ जवान गेले. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधे काय होईल ते सांगायला नको. तेव्हा काम झाल्या झाल्या फडकी बाहेर सावलीत दोरीवर एकेक सुटी पसरा, नाहीतर बादलीभर पाण्यात बुडवा, तेल सांडलेला भुसाही त्यातच टाका. दोरीवरची फडकी पापडासारखी कडक झाली की मगच कचऱ्यात.