पार्श्वभूमी : मानसतज्ज्ञ धारणीच्या वर्गात का दिसत नाही

शाळेचा आणि मानसशास्त्राचा संबंध आला तोच मुलं वेगळी काढण्यासाठी. 1905 मध्ये पॅरिसमध्ये बिने आणि सिमों यांनी बुद्धिमत्तेची चाचणी बेतली, ती नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुलं ओळखायला. 1913 मध्ये लंडनच्या कौंटी कौन्सिलने सिरिल बर्ट यांना शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. कामतांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली, आणि ‘बिने-कामत’ पुढे कित्येक दशकं वापरात राहिली. मूल साध्या शाळेत जाणार की ‘मतिमंदांच्या’, हे ठरवताना अशा चाचणीतून निघणाऱ्या बुद्ध्यंकाच्या आकड्याला मोठं वजन असायचं.

मेळघाटात, अमरावती जिल्ह्यातल्या धारणीसारख्या आदिवासी तालुक्यात, या आकड्याचं काय होणार? कोरकू घरातलं सहा वर्षांचं पोर शाळेत येईस्तोवर मराठी जेमतेम ऐकतं. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया आदिवासी मुलाचं तेच. प्रश्न मराठीत आला की ते गप्प बसतं, आणि गप्प बसण्याला गुण नाहीत. यात बुद्धी किती मोजली आणि मराठी किती, हे कोणी सांगावं?

धोरण मात्र हळूहळू वळत गेलं. कोठारी आयोगाने (1964-66) अपंग मुलांना शक्यतो सर्वसाधारण शाळेतच शिकवा असं सुचवलं, 1974 मध्ये केंद्राची अपंग एकात्म शिक्षण योजना आली. 1994 मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्याने सूर बदलला : मुलाने शाळेच्या मापात बसायचं नाही, शाळेने बदलायचं. मानसतज्ज्ञाचं कामही त्यामुळे चाचणीच्या खोलीतून वर्गात सरकायला हवं होतं, म्हणजे मूल नेमकं कुठे अडतं ते पाहून शिक्षकाला वाट सुचवणं.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत हे काम करायला मानसतज्ज्ञ नव्हताच. सर्व शिक्षा अभियानानंतर तिथे पोचल्या त्या तालुक्याच्या गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षिका, वर्षानुवर्षं कंत्राटी, एकेकीकडे अनेक शाळा. बाई मागच्या रांगेत बसून पाहतात : मुलगी फळ्यावरचं उतरवताना अक्षरागणिक मान वर करते, ‘भ’ला ‘म’ लिहिते, तोंडी हिशेबात मात्र वर्गाच्या पुढे. मग गुरुजींना सांगतात, हिला पुढे बसवा, थोडं थोडं लिहायला द्या, उत्तर तोंडी घ्या. माझ्या मते शैक्षणिक मानसतज्ज्ञाचं खरं काम हेच, फक्त पाटी दुसरी. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा आणि माध्यमिकला पंधरा विशेष गरजांच्या मुलांमागे एक असं प्रमाण सांगितलं, तेही विशेष शिक्षकांचंच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले. 1995 च्या आधीच्या कायद्याच्या यादीत नसलेली अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं, त्यात आली आणि मानसतज्ज्ञाची गरज एकदम वाढली, पण पुन्हा त्याच जुन्या कामासाठी. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिक्षकाने तिसरीत किंवा आठव्या वर्षी प्राथमिक चाळणी करायची होती. मग बुद्ध्यंक आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या, त्यानंतर प्रमाणपत्र. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, निम्मी वाट घाटाची. तपासणीची तारीख कापूस वेचणीत आली तर बापाची मजुरी बुडते, आणि एका खेपेत काम होईलच असं नाही. याच सूचनांनुसार चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी ठरली होती, अठराव्या वर्षी पुन्हा. मधल्या वर्षांत पोरगी वर्गात कशी वाचते, हे पाहायला त्या बाईच येतात, आल्या तर.