टॅग कापणाऱ्या प्रोटीजची निवड : पार्श्वभूमी

1977 साली इटाकुरा, बोयर आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूकडून सोमॅटोस्टॅटिन बनवून घेतले, तेव्हा टॅग (प्रथिन टिकावे किंवा शुद्ध करता यावे म्हणून त्याला जोडलेला जादा तुकडा) कापायला प्रोटीज (प्रथिनाची साखळी तोडणारे एन्झाइम) नव्हतेच. 14 अमिनो आम्लांचे हे हार्मोन पेशीत टिकेना, म्हणून ते बीटा-गॅलॅक्टोसिडेज या जिवाणूच्याच मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडले आणि नंतर सायनोजेन ब्रोमाइडने सोडवले. हे विषारी रसायन मेथिओनीन हे अमिनो आम्ल दिसेल तिथे साखळी तोडते. सोमॅटोस्टॅटिनमध्ये मेथिओनीन नाही, म्हणून जमले. बहुतेक प्रथिनांत ते असते.

1984 मध्ये केंब्रिजच्या नागाई आणि थोगरसन यांनी रक्त गोठवणाऱ्या साखळीतला फॅक्टर टेन-ए हा प्रोटीज वापरला. तो चार अमिनो आम्लांची खूण ओळखून तिच्यानंतर कापतो, त्यामुळे मागे काहीच उरत नाही. 1988 मध्ये स्मिथ आणि जॉन्सन यांची जीएसटी हे प्रथिन टॅग म्हणून जोडण्याची पद्धत आली आणि तिच्याबरोबर थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे दुसरे प्रोटीजही प्रयोगशाळांत रुळले. पण या दोन्ही प्रोटीजची पकड शेवटी आर्जिनीन या अमिनो आम्लावर. आपल्या प्रथिनाच्या एखाद्या सैल वळणावर आर्जिनीन उघडे असेल, तर तिथेही घाव बसू शकतो, आणि मेहनतीने शुद्ध केलेल्या प्रथिनाचे, तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर, एकाऐवजी दोन-तीन पट्टे दिसतात.

खरा बदल विषाणूंच्या प्रोटीजनी घडवला. तंबाखूवरचा टीईव्ही विषाणू आपली प्रथिने एकाच लांब साखळीत बनवतो आणि स्वतःच्या प्रोटीजने ती ठरलेल्या जागीच तोडतो. म्हणून त्याची खूण सात अमिनो आम्लांची आहे आणि ती इतरत्र सहसा सापडत नाही. मूळ टीईव्ही प्रोटीज स्वतःलाच कापून मंद पडे. 219व्या जागी सेरीनऐवजी व्हॅलीन घातलेल्या रूपाने 2001 मध्ये ती अडचण सोडवली. सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूचे थ्री-सी प्रोटीज 4 अंशांनाही चांगले चालते. नाजूक प्रथिनासाठी मी तेच आधी घेईन, मात्र प्रथिनाच्या सुरुवातीला ग्लायसीन-प्रोलीन ही दोन अमिनो आम्ले उरतात.

तेवढेही नको असेल तर यूएलपी-वन हे प्रोटीज. ते छोटी खूण वाचत नाही, टॅग म्हणून जोडलेले, घडी पडलेले अख्खे सुमो हे छोटे प्रथिन ओळखते आणि त्याच्या टोकाशी कापते. आपल्या प्रथिनाचे पहिले अमिनो आम्ल प्रोलीन असेल तरच ते अडते.

आज टीईव्ही सर्वांत रुळलेले आहे, त्यामागे सोयही आहे. प्रथिनाप्रमाणे प्रोटीजलाही हिस्टिडीन टॅग (निकेलला चिकटणाऱ्या हिस्टिडीन अमिनो आम्लांची रांग) लावला की निकेल भरलेल्या कॉलमवरून, म्हणजे गाळणीसारख्या नळीतून, दुसऱ्यांदा सोडताना टॅग आणि प्रोटीज दोन्ही अडकतात, प्रथिन खाली उतरते. तरीही काप होत नसेल, तर प्रोटीज बदलण्याआधी खुणेभोवती काही ग्लायसीन घालून पाहावेत. अनेकदा खूण प्रथिनाच्या घडीत दबलेली असते.