तुरा आला, केस आले नाहीत

पावसाने ओढ दिली की दुपारी मक्याची पाने सुरळीसारखी वळतात. गुडघाभर पिकाचे त्यात फारसे बिघडत नाही. पाणी वाचवण्याची ती त्याची रीतच आहे. खरा घात फुलोऱ्याच्या आगेमागे दोन-दोन आठवड्यांत होतो. कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा. केसावर पराग पडला तरच तो दाणा धरतो. पाण्याच्या ताणातही तुरा, म्हणजे झाडाच्या टोकाचा नर फुलोरा, जवळपास वेळेवर निघतो, पण केस पाण्याच्या जोरावर लांबतात, म्हणून ते मागे पडतात. तुऱ्यातून पराग झडतो तो साधारण आठवडाभर. केस त्यानंतर आले तर झाड हिरवेगार आणि कणीस बोडके. कणसाच्या शेंड्याकडचे केस सर्वांत शेवटी निघतात, त्यामुळे आधी शेंडा रिकामा राहतो.

यावर लहान शेतकऱ्याचा जुना उपाय म्हणजे सगळे बी एका दिवशी न टाकणे. दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरले की एक फुलोरा पावसाच्या खंडात सापडला तरी दुसरा सुटू शकतो. पावसाळाच तोकडा असेल तर मात्र उशिरा पेरण्यापेक्षा १२० दिवसांच्या वाणाजोडीला ९० दिवसांचा वाण बरा. चांगल्या पावसात तो कमी पिकतो, हे धरूनच चालायचे.

ओल राखायला ७५ सेंमी अंतरावरच्या सऱ्यांत दर २-३ मीटरवर आडवा बांध घालतात. हा बांध वरंब्यापेक्षा, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या मातीच्या उंचवट्यापेक्षा, ठेंगणा हवा, नाहीतर जोराच्या पावसात वरंबाच फुटतो. भारी जमिनीत पाणी तुंबून मुळे गुदमरतात. तिथे काही बांध फोडावे लागतात. दोन रोपांत २५ ऐवजी ३५ सेंमी अंतर ठेवले तर हेक्टरी ५३ हजारांऐवजी ३८ हजार रोपे बसतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जास्त ओल. युरियाचा दुसरा हप्ता जमिनीत ओल असेल तेव्हाच द्यावा आणि मातीआड करावा. वर पडून राहिला तर नत्र अमोनिया होऊन उडतो.

दाणे धरले का, हे लगेच कळते. केस सुकायला लागले की कणसाची साले अलगद सोडवून ते हलवा. गळाले ते केस धरलेल्या दाण्यांचे, चिकटून राहिले ते रिकाम्या जागांचे. बहुतेक चिकटलेलेच असतील तर वैरणीला कापा, पण बुंध्याकडचा वीतभर भाग शेतातच ठेवा. ताणातल्या मक्याचे नायट्रेट (मुळांनी शोषलेले, पण न वापरलेले नत्र) तिथे साठते आणि ते जनावराला बाधते. खंडानंतर पाऊस पडला असेल तर आठवडाभर तरी कापू नका, कारण तेव्हा ते आणखी वाढलेले असते.