कूलंट तयार घ्या किंवा मिसळा, पण पाणी तपासा

‘पुण्यात पाणी गोठत नाही, मग कूलंटवर खर्च कशाला?’ हा प्रश्न नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत अजूनही विचारला जातो. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमधून फिरणारा द्रव. त्यातले मुख्य द्रव्य असलेल्या एथिलीन ग्लायकॉलचे आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण साधारण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, याचा पुणेकराला उपयोग नाही हे मान्य. परंतु तेच मिश्रण वातावरणाच्या दाबाखाली सुमारे १०७ अंशांना उकळते, रेडिएटरच्या झाकणाने राखलेल्या दाबामुळे ही मर्यादा आणखी वर जाते आणि मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना तीच कामी येते. त्याहून महत्त्वाचे आहेत ते त्यात अल्प प्रमाणात मिसळलेले गंजरोधक.

रेडिएटर ज्याचे बनवतात तो ॲल्युमिनियम हा मुळात अतिशय क्रियाशील धातू आहे. हवेशी संबंध येताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो आणि त्याच्या आडोशाने आतला धातू टिकतो. पाण्यातले क्लोराइड आयन या पापुद्र्यातल्या दुबळ्या जागा भेदतात. तिथे धातू विरघळू लागतो, सुटलेले ॲल्युमिनियम आयन पाण्याशी अभिक्रिया करून त्या सूक्ष्म खड्ड्यात आम्ल निर्माण करतात आणि धन विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी आणखी क्लोराइड आत ओढले जाते. आम्ल आणि क्लोराइड वाढले की धातू अधिक वेगाने विरघळतो, म्हणजे खड्डा स्वतःलाच खोल करत जातो. रेडिएटरच्या नळीची भिंत पातळ असल्याने तिला आरपार छिद्र पडायला फार धातू जावा लागत नाही. सिलिकेट असलेली कूलंटे पृष्ठभागावर संरक्षक थर चढवतात, तर सेंद्रिय आम्लांचे क्षार मुख्यतः जिथे गंज सुरू होऊ पाहतो तिथे काम करतात. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, कारण रंगाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. ‘लाल म्हणजे उत्तम’ हा निव्वळ प्रचार आहे.

तयार कूलंटमध्ये क्षारमुक्त पाणी आधीच घातलेले असते, कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे पाणी न घातलेल्या दाट कूलंटमध्ये, ते आपल्याला घालावे लागते. खरा फरक एवढाच. उपनगरांतले बोअरवेलचे पाणी बहुधा कठीण, म्हणजे क्षारयुक्त असते. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम काठिण्य धरले, तर अडीच लिटर पाण्यातून फार तर एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिळेल, तेव्हा एकदा भरल्याने रेडिएटर तुंबत नाही. वारंवार वरून भरलेले पाणी मात्र सिलिंडर हेडच्या सर्वांत तापलेल्या भागावर थर साचवते, शिवाय त्यातले कॅल्शियम हे फॉस्फेट असलेल्या गंजरोधकांना बांधून निरुपयोगी करते. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. बॅटरीसाठी विकले जाणारे डिस्टिल्ड वॉटर स्वस्त आहे, तेच वापरावे.

किमतीची तुलना भरायला तयार झालेल्या लिटरमागे करावी: निम्म्या प्रमाणात एक लिटर कॉन्सन्ट्रेटचे दोन लिटर कूलंट होते. प्रमाण डब्यावर असेल तेच पाळावे. ग्लायकॉल जास्त घातल्यास मिश्रणाची उष्णता वाहण्याची क्षमता घटते. हे द्रव्य चवीला गोड पण विषारी आहे, म्हणून सांडलेले कूलंट मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला येऊ देऊ नये.

फक्त पातळी थोडी खाली गेली असेल, तर त्याच प्रकारचे तयार कूलंट सोयीचे. संपूर्ण यंत्रणा पाण्याने धुतल्यानंतर मात्र इंजिन ब्लॉकमध्ये बरेच पाणी अडकून राहते आणि त्यावर तयार मिश्रण ओतले की ते आणखी पातळ होते. अशा वेळी शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरने करावी, यंत्रणेच्या एकूण क्षमतेच्या निम्मे कॉन्सन्ट्रेट आधी भरावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने पूर्ण करावी.